व्हिक्टरने न पाहिलेला उन्हाळा

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. संशोधनाला लागलीस आणि कविता सुटली, एका वेळी एकच साधतं, असं लिहिलं आहेस. मला हे पटलेलं नाही.

हम्फ्री डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १७९९ मध्ये ब्रिस्टलला नायट्रस ऑक्साइड, म्हणजे हसवणारा वायू, स्वतः हुंगून पाहिला. हाच माणूस कविता करायचा, आणि वर्ड्‌स्वर्थ-कोलरिज या कवींच्या 'लिरिकल बॅलड्स' या संग्रहाची १८०० ची आवृत्ती निघताना मुद्रितं त्याने तपासली. पुढे १८०२ मध्ये लंडनला त्याच्या रसायनशास्त्राच्या व्याख्यानांना कोलरिज जाऊन बसे, वहीत टिपणं काढत. कवी कीट्स तर औषधविद्येची परीक्षा पास झालेला. त्याने १८२० मध्ये 'लेमिया'त विज्ञान इंद्रधनुष्याची वीण उसवतं अशी तक्रार केली, पण त्याच्या कवितेतली ती जागा मला लंगडी वाटते.

मेरी शेलीचं 'फ्रँकेन्स्टाइन' (१८१८) तू कॉलेजात भयकथा म्हणून वाचलंस. आता इंगोलश्टाट या जर्मन शहरात त्यातला नायक व्हिक्टर मृत अवयव जोडून जिवंत प्राणी घडवण्याच्या कामात बुडतो तेवढाच भाग सावकाश वाच. दोन वर्षं तो घरी जात नाही. बाहेर उन्हाळा ऐन भरात, शेतं आणि द्राक्षमळे लगडलेले, आणि याच्या डोळ्यांना ते दिसतच नाही. वडील वाट पाहत असतील हे ठाऊक असून पत्र लिहीत नाही. तो प्राणी आठ फुटी का, हे आठवतं तुला? बारीक भाग जुळवायला वेळ लागतो म्हणून! केवळ घाईपायी. केस काळेभोर, दात मोत्यांसारखे, एकेक अवयव सुंदर म्हणून निवडलेला. सगळं मिळून काय उभं राहतंय ते अर्धवट असतानाच कुरूप दिसत होतं, हे तो स्वतः कबूल करतो. तरी हात थांबला नाही. त्या प्राण्याने डोळे उघडले तेव्हा मात्र हा खोलीतून पळाला.

नंतर कित्येक महिने तापाने फणफणलेल्या व्हिक्टरची शुश्रूषा क्लेर्व्हल करतो, कवितेत आणि भाषांत रमणारा मित्र. (१८३१ च्या आवृत्तीत तो संस्कृतही शिकतो.) व्हिक्टर हरतो तो विज्ञानामुळे, असं मी कधीच शिकवलं नाही. कामातून मान वर करून पाहणं त्याने सोडलं होतं.

रात्र जागायची तर जाग, प्रयोग अर्धा टाकू नकोस. पण तुझ्या आईचे दोन फोन तू उचलले नाहीस, असं ती परवा म्हणाली. आज तिला फोन कर. आणि तिकडे पाऊस सुरू झाला का, ते मला कळव.

तुझे सर