चौघी, चार वाद्यं आणि मॅरियन अँडरसनचं नाव

मागच्या अंकात मी टेक्सासमधल्या मॅरियन अँडरसन स्ट्रिंग क्वार्टेटबद्दल जेमतेम एक परिच्छेद लिहिला होता. चार कृष्णवर्णीय बायका, पाश्चात्य शास्त्रीय संगीत वाजवतात आणि ते सगळ्यांचं व्हावं म्हणून कितीतरी वर्षं झटतायत, एवढंच. त्यावर इतकी पत्रं आलीत की या वेळचं सदर त्यांनाच देतेय. सगळी छापणं शक्य नाही, चार निवडली.

क्वार्टेट म्हणजे छोटा ऑर्केस्ट्राच ना? आणि चौघींपैकी कोणीच अँडरसन नाही, मग ग्रुपला हे नाव कसं? (एक वाचक, नाशिक)

छोटा ऑर्केस्ट्रा नाही हो, वेगळीच गोष्ट आहे ती. दोन व्हायोलिन, एक व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडा मोठा, आवाज जरा खालचा, उबदार) आणि एक चेलो (बसून, गुडघ्यांमध्ये धरून वाजवायचं मोठं वाद्य), बस्स. समोर काठी हलवणारा कंडक्टर नाही. सुरुवात कधी करायची, कुठे थांबायचं, लय कुठे सैल सोडायची हे सगळं एकमेकींच्या डोळ्यांत बघून आणि श्वास ऐकून ठरतं, कधी जवळून ऐकलंत तर पहिल्या सुराआधीचा तो श्वास खरंच कानावर येतो. आपल्याकडे मैफिलीत गायक मुख्य आणि बाकीचे साथीला, इथे साथीला म्हणून कुणीच नाही, चौघांची एकमेकांशी बातचीत चाललेली असते. या चार वाद्यांसाठी लिहिलेल्या रचनेलाही क्वार्टेटच म्हणतात. अठराव्या शतकातल्या हायडन या संगीतकाराने असे ६८ क्वार्टेट लिहिले आणि तेव्हापासून संगीतकार सगळ्यात मनातलं जे असतं ते या चार वाद्यांसाठी लिहीत आलेत.

आता नाव. हा ग्रुप १९८९ मध्ये सुरू झाला तेव्हा नाव होतं शामिनाद क्वार्टेट, सेसिल शामिनाद या फ्रेंच संगीतकार बाईंवरून. १९९१ मध्ये त्यांनी इंटरनॅशनल क्लीव्हलंड क्वार्टेट कॉम्पिटिशन जिंकली आणि शास्त्रीय संगीताची अशी स्पर्धा जिंकणारा तो पहिला आफ्रिकन अमेरिकन ग्रुप ठरला. १९९१ म्हणतेय मी, काही फार जुनी गोष्ट नाही! मॅरियन अँडरसनचं नाव त्यांनी घेतलं ते तिची परवानगी घेऊन, ती तेव्हा हयात होती, १९९३ मध्ये गेली.

आणि ती कोण हे सांगितल्याशिवाय हे नाव कळणारच नाही. फिलाडेल्फियात १८९७ मध्ये जन्मलेली गायिका, कॉन्ट्राल्टो, म्हणजे बायकांमधला सगळ्यात खालचा भरदार आवाज. लहानपणी चर्चमधल्या लोकांनी वर्गणी काढून तिच्या शिकवणीचे पैसे भरले, आणि गावातल्या एका संगीत शाळेत प्रवेश मागायला गेली तर काळ्यांना घेत नाही म्हणून दारातूनच परत पाठवली. पुढे युरोप गाजवून आली तरी १९३९ मध्ये वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलने तिला गायला जागा नाकारली. हॉल ज्या संस्थेचा होता तिच्या सभासदत्वाचा राजीनामा एलिनॉर रूझवेल्टने, तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीने, दिला आणि मग ९ एप्रिल १९३९ ला, ईस्टरच्या रविवारी, लिंकन मेमोरियलच्या पायऱ्यांवर उघड्यावर ती गायली, समोर ७५ हजार माणसं. पहिलं गाणं देशाबद्दलचंच होतं, त्यात मूळ शब्द ‘मी गाते’ असा आहे, तो तिने ‘आम्ही गातो’ असा करून म्हटला. मी हे कितीदा वाचलंय तरी या जागी घसा दाटतोच. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरात तिला पहिल्यांदा उभं केलं ते १९५५ मध्ये, तेव्हा ती ५७ वर्षांची होती, म्हणजे गळ्याची ऐन उमेदीची वर्षं कधीच निघून गेलेली. ज्या वयात गायचं त्या वयात दार बंद, आणि दार उघडलं तेव्हा मानसन्मान.

आता सांगा, चार कृष्णवर्णीय मुलींनी व्हायोलिन-चेलो घेऊन स्टेजवर जाताना दुसरं कुणाचं नाव घ्यावं?

राग मानू नका, पण सुराला कुठे रंग असतो? चांगलं वाजवतात तर वाजवतात, त्या काळ्या की गोऱ्या हे मोजायचंच कशाला? ऑर्केस्ट्रात तर पडद्याआडून परीक्षा घेतात असं ऐकलंय. (एक वाचक, पुणे)

राग कसला, हा प्रश्न मलाही पडायचा. डोळे मिटून ऐकलं की कोण वाजवतंय ते कळत नाही हे खरंच आहे. पण ते वाजवणं तुमच्या कानापर्यंत येईपर्यंत मध्ये कितीजण उभे असतात ते बघा ना.

तुम्ही पडद्याचं म्हणताय ते बरोबर आहे. अमेरिकेत १९७० च्या दशकापासून मोठ्या ऑर्केस्ट्रांनी उमेदवाराला पडद्यामागे बसवून वाजवायला लावायला सुरुवात केली, काही ठिकाणी तर सँडलचा आवाज येऊन बाई आहे हे कळू नये म्हणून खाली गालिचा घालतात. १९७० च्या सुमाराला तिथल्या सगळ्यात नावाजलेल्या पाच ऑर्केस्ट्रांमध्ये बायका ५ टक्क्यांच्या आसपास होत्या, आज देशभरातल्या ऑर्केस्ट्रांत त्या साधारण निम्म्या आहेत. पडदा हे एकच कारण नसेल पण त्याचा वाटा आहेच. मग कृष्णवर्णीय वादक? अमेरिकन ऑर्केस्ट्रांच्या संघटनेच्या आकड्यांत २०१४ मध्ये १.८ टक्के आणि २०२३ च्या अहवालात २.४ टक्के. देशाच्या लोकसंख्येत ते १३ टक्क्यांच्या आसपास आहेत. तोच पडदा, तोच गालिचा, मग फरक का पडला नाही? कारण पडदा येतो सगळ्यात शेवटी. त्याच्या आधी पंधरा-वीस वर्षं चांगला शिक्षक हवा, बऱ्यापैकी वाद्य हवं (चांगल्या चेलोची किंमत ऐकून चक्कर येईल), उन्हाळी शिबिरांची फी हवी, ऑडिशनसाठी विमानाने या शहरातून त्या शहरात जायचं आणि चेलो असेल तर त्याच्यासाठी वेगळ्या सीटचं तिकीट काढायचं. शिवाय बऱ्याच ठिकाणी शेवटच्या फेरीत पडदा काढूनच टाकतात. आणि ज्या घरातल्या कुणीच कधी हे वाद्य हातात घेतलेलं नाही त्या घरातल्या मुलीला हे आपलंही असू शकतं हे सांगणारं कोण? म्हणून डेट्रॉइटची स्फिंक्स ही संस्था १९९७ मध्ये निघाली, ती कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांच्या स्पर्धा घेते, वाद्यं देते, स्कॉलरशिप देते, हार्लेम क्वार्टेट आणि कॅटॅलिस्ट क्वार्टेट हे दोन्ही ग्रुप तिच्यातूनच उभे राहिले.

आणि ही झाली वाजवणाऱ्यांची गोष्ट, लिहिणाऱ्यांचं काय? फ्लोरेन्स प्राइस नावाची संगीतकार होती, जन्म १८८७, आर्कान्सासमधल्या लिटल रॉकची. १९३३ मध्ये शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्राने तिची पहिली सिंफनी (पूर्ण ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली मोठी रचना) वाजवली, मोठ्या ऑर्केस्ट्राने कृष्णवर्णीय बाईची सिंफनी वाजवण्याची ती पहिली वेळ. तरी दहा वर्षांनी, १९४३ मध्ये, बॉस्टनच्या कंडक्टरला, कुसेवित्स्कींना, पत्र लिहिताना तिला सुरुवातच अशी करावी लागली की माझ्यात दोन उणिवा आहेत, मी बाई आहे आणि माझ्या अंगात काही निग्रो रक्त आहे. फक्त संगीत बघा, बाकी काही बघू नका असं ती विनवत होती, म्हणजे तुम्ही म्हणताय तेच. त्यांनी तिची सिंफनी कधीच वाजवली नाही. १९५३ मध्ये ती गेली, आणि २००९ मध्ये इलिनॉयमधल्या सेंट ॲन गावात एक पडीक घर दुरुस्त करायला घेतलं तेव्हा तिथे तिच्या हस्तलिखितांचे गठ्ठे सापडले. झाड कोसळून छताला भोक पडलेलं, आणि नेमक्या कोरड्या राहिलेल्या कोपऱ्यात ही पानं. पाऊस जरा तिरका पडला असता तर तिचे व्हायोलिन कॉन्चेर्तो (एक व्हायोलिन पुढे आणि ऑर्केस्ट्रा सोबत अशा रचना) आज आपल्याला मिळाले नसते. सुराला रंग नसतो हे मला मान्य आहे पण तो सूर पन्नासहून जास्त वर्षं कोणत्या घरात पडून राहतो ते रंगावरून ठरलं ना!

म्हणून मला या चौघींचं क्वार्टेट करणं फार शहाणपणाचं वाटतं. ऑर्केस्ट्राला शंभर माणसं, हॉल, कमिटी, देणगीदार लागतात. क्वार्टेटला चार खुर्च्या. कुणी नेमणूक करायची वाट बघायची नाही, काय वाजवायचं ते आपणच ठरवायचं, आणि वाद्यं गाडीत घालून कुठेही जायचं. या चौघी मोठ्या हॉलमध्ये वाजवतात तशाच लायब्रऱ्यांत, म्युझियममध्ये, बालसुधारगृहात, गरिबांना जेवण मिळतं त्या सूप किचनमध्येही वाजवत आल्यात आणि टेक्सासमध्ये त्या राहतात तिथल्या मुलांना शिकवतातसुद्धा.

मॅरियन अँडरसन भारतात येऊन गेली होती असं आजोबा सांगायचे, खरंय का? आणि आपल्याकडे कधी स्ट्रिंग क्वार्टेट होतं का? (एक वाचक, मडगाव)

आजोबा बरोबर सांगायचे. १९५७ मध्ये अमेरिकन सरकारतर्फे ती आशियाच्या दौऱ्यावर आली होती, त्यात भारतही होता, आणि दिल्लीत गांधीजींच्या स्मारकापाशी ती गायली, त्यांच्या आवडीचं ‘लीड काइंडली लाइट’. क्वार्टेटही होतं. झुबिन मेहतांचे वडील मेहली मेहता, त्यांनी १९३५ मध्ये मुंबईत बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला आणि नंतर बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेटही. पुढे ते अमेरिकेत गेले आणि कर्टिस क्वार्टेटमध्ये वाजवू लागले, कुठे तर फिलाडेल्फियात, मॅरियनच्याच गावात. तुमच्या गोव्यातल्या चर्चच्या शाळांत व्हायोलिन शिकलेली माणसं मुंबईच्या सिनेमाच्या स्टुडिओत किती होती ते मी तुम्हाला काय सांगणार, त्यावर एकदा वेगळं सदर करू.

आम्ही ह्यूस्टनजवळ राहतो. मुलगी चौदा वर्षांची, शाळेच्या ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवते. हल्ली म्हणते सोडून देते, यात सगळे मेलेले गोरे पुरुषच आहेत, माझं काय आहे यात. काय सांगू तिला? ती वुमन ऑफ कलरमध्ये येते का हो? (एक आई, टेक्सास)

ताई, वुमन ऑफ कलर म्हणजे गोरी नसलेली कुठलीही बाई, तेव्हा येते की. पण तिला हेही सांगा की सगळ्यांची वाट सारखी नाही. अमेरिकन ऑर्केस्ट्रांत आशियाई वंशाचे वादक ११ टक्क्यांच्या आसपास आहेत, तेव्हा कृष्णवर्णीय मुलीपुढचा डोंगर आणि तुमच्या लेकीपुढचा डोंगर एक नाही. तरी तिचा प्रश्न खरा आहे, ती उद्धटपणे बोलतेय असं समजू नका.

‘मेलेले गोरे पुरुष’ला माझं उत्तर असं की मेलेल्यांमध्येही सगळे गोरे पुरुष नव्हते. शव्हालिए द सँ-जॉर्ज बघा, ग्वादलूपमध्ये १७४५ मध्ये जन्म, आई गुलाम, आणि फ्रान्समध्ये अगदी सुरुवातीला ज्यांनी स्ट्रिंग क्वार्टेट लिहिले त्यांत हा. त्याला पॅरिस ऑपेराचा प्रमुख करायचं घाटत होतं तेव्हा तिथल्या काही गायिकांनी थेट राणीकडे अर्ज केला की आम्ही अशा माणसाच्या हुकुमाखाली काम करणार नाही. मग सॅम्युअल कोलरिज-टेलर, लंडनचा, वडील सिएरा लिओनचे. त्याच्यावरून अमेरिकेत एका आईने मुलाचं नाव ठेवलं कोलरिज-टेलर पर्किन्सन, तोही संगीतकार झाला आणि १९५६ मध्ये त्याने ‘कॅल्व्हरी’ या जुन्या स्पिरिच्युअलवर (कृष्णवर्णीय अमेरिकनांचं भक्तिगीत) अख्खा क्वार्टेट लिहिला. तो नक्की ऐकवा तिला. आणि जिवंत हवं असेल तर जेसी मॉन्टगोमेरीचं ‘स्ट्रम’, त्यात गज सोडून तारा गिटारसारख्या छेडतात, चौदा वर्षांच्या पोरीला आवडणार नाही असं होणारच नाही, वाजवायला मात्र जरा अवघड आहे.

वाजवायला फ्लोरेन्स प्राइसचं ‘फाइव्ह फोकसाँग्ज इन काउंटरपॉइंट’ घ्या, सगळं नाही, एखादंच गाणं. शेवटचं आहे ‘स्विंग लो, स्वीट चॅरियट’, गुलामीच्या काळातलं, तिने अमेरिकेत राहून ते कुठेतरी ऐकलेलंच असणार. प्राइसने तो एक सूर चौघांत असा फिरवलाय की व्हायोला नुसती मागे उभी राहत नाही. शाळेच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलाला बहुतेक वेळ मधलं भरणच वाजवावं लागतं, आणि मला वाटतं कंटाळ्याचं एक कारण तेही असेल.

शिक्षकांशी बोला, त्यांना शीट म्युझिक मागवायला सांगा. आणि तिला म्हणावं तीन जण शोध. व्हायोलिनवाले प्रत्येक वर्गात ढिगाने असतात, व्हायोलावाले मिळत नाहीत, त्यामुळे क्वार्टेट करायचं म्हटलं की तुझ्याच दारात यावं लागणार सगळ्यांना. जमलं तर पहिली तालीम तुमच्याच दिवाणखान्यात होऊ द्या, चार खुर्च्या समोरासमोर ठेवा, आणि गाणं सुरू होण्याआधीचा तो श्वास तुम्ही स्वयंपाकघरातून ऐका. कसं झालं ते मला कळवा, मी खरंच वाट बघतेय.