टूर्सच्या लढाईने युरोप वाचला का?

प्रश्न : 732 मध्ये फ्रान्समधल्या टूर्सला फ्रँक लोकांचा सरदार चार्ल्स मार्टेल याने अरबांना अडवलं म्हणून युरोप वाचला, असं लहानपणापासून वाचतोय. आता एका लेखात ती निव्वळ लुटीसाठी आलेली टोळी होती असं म्हटलंय. खरं काय धरायचं? – एक वाचक, सातारा

उत्तर : दोन्ही बाजू ताणलेल्या आहेत बघा. टोळी म्हणून सोडून देता येत नाही, कारण स्वतः अंदलुसचा (म्हणजे अरबांच्या ताब्यातल्या स्पेनचा) सुभेदार अब्दुल रहमान अल गाफिकी फौज घेऊन आला होता आणि तो तिथेच मारला गेला. पण युरोप वाचला म्हणायचं तर पुढची वर्षं पण बघायला लागतात ना, दक्षिण फ्रान्समधलं नारबोन 759 पर्यंत अरबांकडेच होतं आणि 732 नंतर दोन-चार वर्षांतच अरब तिथल्याच आर्ल, आव्हिन्यों या शहरांपर्यंत शिरले होते. त्यांचा खरा जोर मोडला तो 740 मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या बर्बर लोकांनी केलेल्या बंडाने, मग 750 मध्ये उमय्यांची, म्हणजे अरबांच्या खलिफा घराण्याची, सत्ताच गेली.

आणि एक गोष्ट मला फार खटकते. 721 मध्ये तुलूझला आक्विटेनच्या (नैऋत्य फ्रान्सच्या) ओडोने अशाच एका सुभेदाराला, अल सम्हला, हरवलं आणि अल सम्ह त्यातच मेला, पण ओडोचं नाव किती जणांना माहितीये? मार्टेलचा नातू शार्लमेन सम्राट झाला, त्या घराण्याच्या बखरी लिहिल्या गेल्या, त्यात आजोबांची लढाई मोठी होणारच.

माझ्या मते लढाईचं महत्त्व ठरवताना, हरलेल्याला परत तयारी करून येता आलं का हे आधी बघावं, मेलेल्यांचे आकडे बघू नयेत कारण त्या काळचे आकडे बहुतेक फुगवलेलेच असतात. या हिशोबाने 717-18 चा कॉन्स्टँटिनोपलचा, म्हणजे बायझंटाईन (पूर्व रोमन) साम्राज्याच्या राजधानीचा, वेढा टूर्सपेक्षा कितीतरी मोठा. तिथे खलिफाने अख्खं आरमार आणि सावत्र भाऊ मस्लमा पाठवला होता, बायझंटाईनांनी ग्रीक फायर या ज्वालाग्राही अस्त्राने जहाजं जाळली, कडक हिवाळ्यात माणसं उपाशी मेली, वरून बायझंटाईनांच्या बाजूने बल्गार लोक तुटून पडले, आणि त्यानंतर उमय्यांनी त्या शहराला पुन्हा कधी वेढा घातला नाही.

तरी एकच लढाई निवडायची असेल तर मी 636 ची सीरियाच्या सीमेवरची यार्मूकची लढाई घेईन. अरब सेनापती खालिद बिन वलीदच्या फौजेने बायझंटाईन सैन्य असं मोडलं की थोड्याच वर्षांत सीरिया गेला, जेरुसलेम गेलं, 642 पर्यंत अलेक्झांड्रिया पण गेलं, आणि बायझंटाईनांकडे ते कायमचं परत घ्यायला ना पुरेशी माणसं उरली होती ना पैसा.