पूजेला उशीर झाला तर?

प्रश्न : काका, मी स्टाफ नर्स आहे, महिन्यातले निम्मे दिवस नाईट असते. घरी येऊन आंघोळ करून देवासमोर बसेपर्यंत साडेदहा वाजतात. सासूबाई म्हणतात ब्राह्ममुहूर्त गेला, आता पूजा कसली. त्यापेक्षा नाईटच्या दिवशी पूजाच करू नये का? - एक वाचक, नाशिक

उत्तर : अहो, करा पूजा! ब्राह्ममुहूर्ताचं गणित आधी बघू. एक मुहूर्त ४८ मिनिटांचा. सूर्योदयाच्या ९६ मिनिटं आधी सुरू होतो आणि ४८ मिनिटं आधी संपतो, म्हणजे सूर्य साडेसहाला उगवला तर ४.५४ ते ५.४२. आता ह्या वेळेत तुमच्या वॉर्डात काय चाललेलं असतं ते मी सांगायला नको, आणि खरं सांगायचं तर ड्युटी नसलेल्या किती घरांत तेव्हा पूजा होते?

वेळा कुठून आल्या ते बघा ना. देवळात देवाचा दिवस घरातल्या मोठ्या माणसासारखा मांडलेला असतो. पंढरपुरात पहाटे काकड आरतीने विठोबाला उठवतात, मग पूजा, दुपारी महानैवेद्य, पोशाख, संध्याकाळी धुपारती, रात्री शेजारती करून झोपवतात. पण हेच पंढरपूर आषाढीला काय करतं? देवाचा पलंगच काढून ठेवतात! शेजारती बंद, चोवीस तास दर्शन, उभं राहून पाठ दुखेल म्हणून पाठीशी लोड देतात, आणि वारी सरली की प्रक्षाळपूजा करून शिणवटा जायला काढा पाजतात, मग परत पलंग आत जातो आणि नेहमीच्या वेळा सुरू. गर्दीसाठी देव जागरण करतो, तुम्ही पेशंटसाठी करता.

सासूबाईंचंही अगदीच चूक नाही, रोज वेगळी वेळ झाली की पूजा हळूहळू सुटते हे मी स्वतःच्या घरात बघितलंय. म्हणून नाईटच्या दिवसांपुरती साडेदहा ही वेळ ठरवून टाका, दुपारच्या नैवेद्याच्या आत होतेय, बास. सकाळचं निरांजन सासूबाईंनाच लावायला सांगा, त्यांनाही बरं वाटेल. आणि ड्युटीला निघायच्या आधी दिवेलागण होत असेल तर तुळशीपाशी दिवा तुम्हीच लावा. फक्त त्याच फेरीत उद्यासाठी तुळस तोडून ठेवू नका हं, तिन्हीसांजेला तुळशीला हात लावायचा नाही, इथे मी पूर्ण सासूबाईंच्या बाजूने!