मिररमधली एक डिस्क गेली आणि सोलारिस सर्व्हर बूट होईना. डेटा गेला का?

तुम्ही लिहिलंय की नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या प्लांटमध्ये सोलारिस १० या युनिक्स ऑपरेटिंग सिस्टीमचा जुना स्पार्क (सनच्या प्रोसेसरचा) सर्व्हर आहे, दोन डिस्कचा मिरर (दोन्हींवर तोच डेटा) आहे, रात्री वीज गेली, यूपीएसही बसला. सकाळपासून मशीन ‘मेटाडिव्हाइस डेटाबेसच्या रेप्लिका अपुऱ्या’ असं सांगून रूटचा, म्हणजे अ‍ॅडमिनचा, पासवर्ड मागत थांबतंय. डेटा गेला का आणि सोलारिस नव्यानं टाकावं का, हा प्रश्न.

नव्यानं काहीही टाकू नका. इन्स्टॉलेशनची सीडी ड्राइव्हमध्ये असेल तर आधी बाहेर काढा. पासवर्ड विचारण्यापर्यंत मशीन आलं म्हणजे कर्नल (सिस्टीमचा गाभा) लोड झालाय, रूट (मुख्य) फाइलसिस्टीम वाचली गेलीय. एक डिस्क बहुधा धडधाकट आहे.

अडलंय ते मोजणीवर. मिररची मांडणी कशी आहे याची नोंद सोलारिस छोट्या रेप्लिकांमध्ये ठेवतं. सहसा प्रत्येक डिस्कच्या सात नंबरच्या स्लाइसवर, म्हणजे पार्टिशनवर, तीन. मशीन चालू असताना निम्म्या रेप्लिका शाबूत असल्या तरी काम चालतं. बूट होताना मात्र निम्म्याहून एक तरी जास्त लागते, नाहीतर जुनी नोंद खरी की नवी हे ठरवता येत नाही. तुमच्याकडे सहापैकी तीन उरल्या असणार. म्हणून कालपर्यंत चालणारं मशीन आज उठत नाही. डिस्क काल रात्रीच गेली असंही समजू नका. हिंगणा एमआयडीसीत आमच्याकडे मे महिन्यात हेच झालं, आणि लॉग उघडले तर डिस्क सव्वा महिन्यापूर्वीच मेलेली. मिररची स्थिती दाखवणारी मेटास्टॅट कमांड कुणी बघतच नव्हतं.

आता पासवर्ड देऊन सिंगल यूजरमध्ये (दुरुस्तीच्या मोडमध्ये) जा आणि रेप्लिकांची यादी दाखवणारी ‘मेटाडीबी -आय’ कमांड चालवा. ज्या डिस्कच्या रेप्लिकांपुढे कॅपिटल अक्षरातले एरर फ्लॅग (चुकीच्या खुणा) किंवा ‘अननोन’ दिसेल, ती गेलेली. समजा तिचं सोलारिसमधलं नाव सी१टी१डी० आहे. मग ‘मेटाडीबी -डी सी१टी१डी०एस७’ देऊन फक्त तिच्याच रेप्लिका काढा. फाइलसिस्टीम रीड-ओन्ली असल्याची तक्रार येईल, तिकडे लक्ष देऊ नका. रीबूट करा. मशीन नेहमीसारखं वर येईल आणि मेटास्टॅटमध्ये एक सबमिरर (मिररची एक बाजू) ‘नीड्स मेंटेनन्स’ दिसेल.

इथं थांबून आधी सोलारिसच्या यूएफएसडम्प कमांडनं बॅकअप घ्या. आता सगळा भार एकाच डिस्कवर आहे, आणि ती दुसरीच्याच वयाची आहे. शिवाय उरलेल्या डिस्कची रूट स्लाइस थेट माउंट करून तिच्यावर एफएससीके (फाइलसिस्टीम दुरुस्त करणारी कमांड) चालवायचा मोह टाळा. मिररच्या नकळत एका बाजूवर लिहिलं गेलं, तर दोन्ही बाजू वेगळ्या होतात आणि मिररला ते कळतही नाही.

डिस्क मिळवणं हे वेगळंच काम. इतक्या जुन्या स्कझी डिस्क नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात सहज मिळत नाहीत, आम्ही मुंबईहून मागवली होती. आकार तेवढाच किंवा मोठा हवा. थोडे सेक्टर कमी असले तरी चालत नाही. काढण्यापूर्वी ‘आयोस्टॅट -ईएन’ मधला सीरियल नंबर डिस्कवरच्या लेबलशी जुळवा, आणि सीएफजीएडीएम कमांडनं ती अनकॉन्फिगर करूनच (सिस्टीमपासून सोडवूनच) ओढा. चांगली डिस्क ओढली तर खेळ संपला.

नवी बसली की चांगल्या डिस्कचा पार्टिशन टेबल पीआरटीव्हीटॉक कमांडनं वाचून एफएमटीहार्ड कमांडनं नवीवर लिहायचा. ही कमांड उलटी दिली तर रिकामा टेबल चांगल्या डिस्कवर जातो, म्हणून एंटर दाबण्याआधी शेजारच्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखवा. मी आजही तसंच करतो. मग ‘मेटाडीबी -ए -सी ३’ नं रेप्लिका परत टाका, ‘मेटाडेव्हएडीएम -यू’ नं नव्या डिस्कचा आयडी नोंदवा आणि प्रत्येक मिररसाठी ‘मेटारिप्लेस -ई’ द्या. स्वॅपचा (डिस्कवरच्या जादा मेमरीचा) मिरर विसरू नका. दोन्ही बाजू सिंक (एकसारख्या) व्हायला वेळ लागतो, तेवढ्यात रीबूट करू नका.

शेवटी इन्स्टॉलबूट कमांडनं नव्या डिस्कवर बूट ब्लॉक, म्हणजे मशीन सुरू करणारा छोटा प्रोग्राम, टाका. बूट ब्लॉक मिररमधून आपोआप कॉपी होत नाही, आणि हीच पायरी बहुतेक जण विसरतात. सिंक पूर्ण झाल्यावर एखाद्या रविवारी ओके प्रॉम्प्टवर (सोलारिस सुरू होण्याआधीच्या) जाऊन ‘बूट डिस्क१’ करून बघा. त्या बाजूनं मशीन उठलं तरच तुमचा मिरर खरा.

एक सांगायचं राहिलं. एसी बंद होता म्हणून सर्व्हर रूममध्ये कूलर लावल्याचं तुम्ही लिहिलंय. तो आजच काढा. बाहेर ४५ अंश असले तरी त्या ओलाव्यानं कनेक्टर गंजतात. दार उघडं ठेवून साधा पंखा लावलेला परवडला.

रेप्लिका डिलीट करण्याआधी मेटाडीबीचं आउटपुट इथं टाका, कोणती डिस्क गेलीय ते दोघं मिळून बघू.