लंडनला निघण्याआधी दादर बघून घे

तू लिहिलंस ते थोडक्यात असं: जे.जे.तून उपयोजित कला केलीस, सध्या लोअर परळच्या एजन्सीत ज्युनिअर आर्ट डिरेक्टर आहेस आणि येत्या सप्टेंबरपासून लंडनला मास्टर्स करायचा विचार चालू आहे. मुंबईत फ्लेक्सशिवाय बघण्यासारखं काही उरलं नाही, तिकडे म्हणे नुसतं रस्त्याने चाललं तरी नजर तयार होते. तर आल्यावर काय बघायचं, कुठे बघायचं, आणि पोर्टफोलिओत मराठी काम ठेवायचं की काढून टाकायचं? शेवटी ‘दादा, खरं सांग’ असंही लिहिलंस, म्हणून गुळमुळीत न बोलता सांगतो.

समकालीन डिझाइन बघायला आता लंडनला यावं लागत नाही. इथल्या शोरडिच भागातल्या स्टुडिओत सकाळी जे मूडबोर्ड, म्हणजे नमुन्याच्या चित्रांचे फलक, उघडतात तेच तुमच्याकडेही उघडतात. तेच पिंटरेस्ट, तेच बिहान्स, यंदा सगळ्यांना आवडणारा तोच एक जाडजूड, टोकांना शेपट्या असलेला सेरिफ फॉन्ट. आज इथल्या कॉफीच्या पाकिटावर आलेली रंगसंगती महिन्याभरात वांद्र्याच्या कॅफेच्या मेनूकार्डावर असते, आणि उलटही होतं. एवढ्यासाठी बाबांच्या पीएफला हात लावू नकोस.

इथे यायचं असेल तर या गावाने जपून ठेवलेले कप्पे उघडून बघायला ये. पूर्ण झालेलं काम सगळीकडे दिसतं. ते कसं ठरलं, आधीचे कच्चे आराखडे कसे होते, कोणी काय खोडलं, हे इथे बघायला मिळतं, कारण यांनी कागद टाकून दिले नाहीत. माझ्या मते डिझायनरने परदेशी यायला एवढं एकच कारण धड आहे.

भुयारी रेल्वेचं उदाहरण घे. पहिल्या दिवशी सगळे तो लाल गोल आणि निळ्या पट्टीचा फोटो काढतात. तू फलाटावरच्या पाटीजवळ जाऊन आय आणि जे या अक्षरांवरचा ठिपका बघ. तो गोल नाही, टोकावर उभा केलेला चौकोन आहे. फ्रँक पिक नावाच्या अधिकाऱ्याने १९१३ मध्ये एडवर्ड जॉन्स्टनला रेल्वेसाठी अक्षरं घडवायचं काम दिलं आणि १९१६ पासून ही अक्षरं वापरात आली. जॉन्स्टन मुळात सुलेखनकार. रुंद टोकाचं कलम कागदावर टेकवून उचललं की जो ठसा उमटतो तो हा ठिपका. बाकी अक्षर अगदी साधं, शेपट्या-बिपट्या काही नाहीत, पण एवढ्या एका खुणेत लिहिणारा हात शिल्लक राहिला. २०१६ मध्ये मोनोटाइप या फॉन्ट कंपनीने याच अक्षरांची नवी आवृत्ती केली, त्यात ॲट आणि हॅशची चिन्हं नव्याने बसवली, ठिपका मात्र तसाच. शंभर वर्षं एक निर्णय सांभाळायचा म्हणजे काय, ते तिथे कळतं. आपल्याकडे मार्केटिंग हेड बदलला की लोगो बदलतो.

तुझ्यासाठी यात आणखी एक धागा आहे. तू बोरूने अक्षरं घोटली असशील. देवनागरीसाठी बोरूचा काप रोमन कलमाच्या उलट दिशेला तिरका असतो, म्हणून आपल्या अक्षराचं जाड-बारीक त्यांच्या उलट पडतं. ही गोष्ट हाताला माहीत असलेला विद्यार्थी वर्गात बसला की जॉन्स्टनवरची चर्चा वेगळी होते. इथल्या मुलांना एकाच दिशेचं कलम माहीत असतं.

कॉव्हेंट गार्डनचं ट्रान्सपोर्ट म्युझियम बघशीलच. त्याचं ॲक्टनला एक गोदाम आहे, ते वर्षातून ठरावीक दिवशीच लोकांसाठी उघडतात. ते दिवस चुकवू नकोस. स्ट्रॅटफर्डला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमचं गोदाम, व्ही अँड ए ईस्ट स्टोअरहाउस, २०२५ च्या मे महिन्यात सुरू झालं. तिथे आधी नोंदणी करून जास्तीत जास्त पाच वस्तू मागवता येतात आणि त्या समोर टेबलावर आणून दाखवतात, तेही फुकट. विद्यार्थ्याला याहून मोठी चैन नाही. फ्लीट स्ट्रीटमागे सेंट ब्राइड लायब्ररी आहे, छपाई आणि अक्षरांवरचं केवढं तरी साहित्य तिथे आहे. रोज उघडी असेल असं धरून जाऊ नकोस, आधी चौकशी कर.

पण तुला एकाच ठिकाणी पाठवायचं झालं तर मी रेडिंगला पाठवीन. पॅडिंग्टनहून जलद गाडीने अर्ध्या तासाच्या आत. तिथल्या विद्यापीठात टायपोग्राफीचा स्वतंत्र विभाग आहे आणि त्यांच्या संग्रहात रोमनेतर लिप्यांची मूळ रेखाटनं आहेत. लायनोटाइप या छपाईयंत्रांच्या कंपनीची देवनागरी अक्षररचनाकार मॅथ्यू कार्टरने सत्तरच्या दशकात केली, पुढे फिओना रॉस यांनी तिच्यावर काम केलं, आणि रॉस यांनी याच विभागात वर्षानुवर्षं शिकवलं. ‘क्ष’चं हाताएवढं रेखाटन, बाजूला पेन्सिलीत लिहिलेल्या दुरुस्त्या. असले कागद बघायला मराठी माणसाला इंग्लंडमधल्या रेडिंगला जावं लागतं याचा आनंद मानायचा की राग, हे माझं अजून ठरलेलं नाही. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, देशभर नावाजले होते, राणोजी रावजी आरूंसारखा अक्षरं कोरणारा कारागीर त्यांच्याकडे होता. गिरगाव-काळबादेवीत त्या जगातलं आज रस्त्यावरून जाताना काय दिसतं? जे.जे.त असताना तू तिथून गेली असशील, तूच सांग.

आता जाहिराती. इथलं होर्डिंग बघून फार भारावून जाशील असं वाटत नाही. निम्मी मोबाइल कंपन्यांची, उरलेली सुपरमार्केटची. अधूनमधून एखादी ओळ अशी येते की दिवस बरा जातो, पण ते अमूलच्या होर्डिंगने १९६६ पासून मुंबईला केलेलंच आहे. तुला जाणवेल ती शांतता, आणि ती शांतता सौंदर्यदृष्टीतून आलेली नाही, नियमांतून आली आहे. दुकानावर उजेडाची पाटी लावायची तर बऱ्याच ठिकाणी स्थानिक कौन्सिलची संमती लागते. टीव्हीवर राजकीय जाहिरातीला बंदी. २०१९ च्या फेब्रुवारीपासून भुयारी रेल्वे आणि बसवर जास्त साखर-मीठ-चरबीच्या खाण्याच्या जाहिराती घेत नाहीत. अशी कुंपणं असली की कल्पना कुठून वाट काढते, ते बघण्यासारखं आहे. आणि कुंपण नसलं की काय होतं ते आपण १३ मे २०२४ ला घाटकोपरला पाहिलं. होर्डिंग कोसळून सतरा माणसं गेली. डिझाइनच्या वर्गात आकार आणि परिणाम यांवर बोलताना मला ते होर्डिंग आठवतं.

म्हणून मुंबईबद्दल तू जे लिहिलंस ते मला पटलं नाही. बघण्यासारखं काही नाही असं नाही. तू रोज बघतेस आणि वैतागतेस, तो वैताग नीट मांडला की काम होईल.

दुकानांच्या पाट्यांचंच घे. २०२२ ला राज्याने कायद्यात दुरुस्ती केली: पाटी मराठीत, देवनागरी अक्षरं बाकीच्या लिपीपेक्षा लहान नकोत. सप्टेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने दोन महिन्यांची मुदत दिली आणि शहरभर घाईघाईत पाट्या चढल्या. एवढी देवनागरी एकदम रस्त्यावर आल्याचं मला तरी आठवत नाही. आता एखाद्या ब्रँडेड शोरूमसमोर उभी राहा. इंग्रजी नाव खास घडवलेलं, प्रत्येक अक्षरातलं अंतर मोजून ठेवलेलं. शेजारी मराठी नाव: हाताशी लागलेला फॉन्ट, आणि इंग्रजीच्या लांबीला लांबी जुळावी म्हणून आडवा ताणलेला. आडवा ताणला की उभे दंड आणि काने फुगतात, शिरोरेषा होती तेवढीच राहते. घर रुंद करायचं, पण तुळई जुनीच ठेवायची, असला प्रकार. कुठे वेलांटी वरच्या पट्टीत कापली गेलेली. कुठे सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांचा पर्याय चालू न केल्यामुळे ‘शि’तली पहिली वेलांटी पुढच्या अक्षराच्या वाटेला गेलेली. अशा पाट्या जमव. रस्ता, तारीख, दुकानाचा प्रकार, काय बिघडलं, सगळं टिपून ठेव. मग त्यातल्या दहाबारा तू स्वतः दुरुस्त करून दाखव.

आणि दोष फॉन्टवर ढकलू नकोस. विंडोजबरोबर येणारा ‘मंगल’ र. कृ. जोशींनी केला. उल्का ही जाहिरात कंपनी, मग आयआयटीचं डिझाइन केंद्र आयडीसी, असा प्रवास केलेला माणूस. तो फॉन्ट पडद्यावर बारीक आकारात वाचता यावा म्हणून आहे. त्याला दहा फुटांच्या पाटीवर कोणी चढवलं, ते विचार. ‘एक टाइप’ या मुंबईच्या अक्षर-स्टुडिओचे ‘मुक्त’ किंवा ‘बलू’ हे फॉन्ट मोफत मिळतात, तरी पाटी करणाऱ्यापर्यंत ते का पोचत नाहीत, हा खरा संशोधनाचा विषय, आणि त्याचं उत्तर ग्रँट रोडच्या एखाद्या फ्लेक्सवाल्याच्या संगणकासमोर तासभर बसल्याशिवाय मिळायचं नाही. लंडनमध्ये तर नाहीच नाही.

दादरला शिवाजी मंदिरापाशी नाटकांचे बोर्ड बघ, रविवारच्या पेपरातल्या नाटकांच्या जाहिरातींची कात्रणं काढ. कमल शेडगे २०२० मध्ये गेले. नाटकाचं नाव वाचायच्या आधी नाटकाचा बाज कळावा, असं अक्षरांकन त्यांनी वर्षानुवर्षं केलं. तुझ्या आजी-आजोबांकडे जुने अंक असतील तर रद्दीवाला यायच्या आत स्कॅन कर. तिथूनच पुढे चालत जा, सिग्नलवरची चालणारी आकृती बघ: २०२० मध्ये महापालिकेने दादर भागात ती बाईची केली. पश्चिम रेल्वेच्या महिला डब्यावरची पदर घेतलेली बाईही आता बदलली आहे. बेस्टच्या बसवर पुढे मराठी आकडा आणि बाजूला इंग्रजी, ही जुनी वहिवाट. सार्वजनिक चिन्हात बाई कशी दिसते, आकडा कोणत्या लिपीत, कोणासाठी, हे प्रश्न लंडनचे प्राध्यापक पहिल्याच सत्रात काढतात. तुझ्याकडे स्वतःचे फोटो असतील तर तू उत्तर द्यायला बसशील, नाहीतर पुस्तकातून दिलेली बर्लिनची उदाहरणं वहीत उतरवून घेशील.

वाढदिवसाचे बॅनरही सोडू नकोस. हसू येतं, मान्य. पण साहेबांचा फोटो केवढा, दादांचा केवढा, शुभेच्छुकांच्या रांगेत कोण कुठे, गॉगल कोणाला चालतो, यात जी श्रेणी आहे ती कुठल्याही कंपनीच्या ब्रँड मॅन्युअलइतकी काटेकोर असते. फरक एवढाच की ती कुठे लिहिलेली नाही. तू लिही.

यातून पोर्टफोलिओचं उत्तर मिळतंच: मराठी काम ठेव, आणि पुढे ठेव. इथे मुलाखतीत समोरची मंडळी पान उलटतात आणि ‘हे असं का?’ एवढंच विचारतात. क्रिकेटच्या मोसमात एका रात्रीत केलेल्या पोस्टबद्दल तुझ्याकडे सांगायला काही नसतं; पाट्यांबद्दल अर्धा तास असेल. मराठी न येणाऱ्याला कळावं म्हणून प्रत्येक कामाखाली साध्या इंग्रजीत दोन ओळी पुरेत. पाच-सहा कामं ठेव, प्रत्येकात कच्चे आराखडे दाखव. ‘इंडियन वाटावं’ म्हणून ट्रक आर्ट आणि गुलाबी रिक्षा घालू नकोस. तसलं इथे मसाल्याच्या प्रत्येक डब्यावर आहे. अनेक लिप्यांत काम करणारे डाल्टन मागसारखे अक्षर-स्टुडिओ लंडनमध्ये आहेत, तिथे शिरोरेषा समजणाऱ्या माणसाशी बोलायला लोक तयार असतात. नोकरी मिळेलच असं मी म्हणत नाही. व्हिसाचे नियम सारखे बदलतात, ते सरकारी संकेतस्थळावरच वाच, माझ्यावर किंवा एजंटवर विसंबू नकोस.

बाकी किरकोळ. बऱ्याच मोठ्या म्युझियमांचे कायमचे संग्रह फुकट आहेत, डिझाइन म्युझियमचाही. तिकीट खास प्रदर्शनांना. हिवाळ्यात चारला अंधार पडतो, त्यामुळे रस्त्यावरचे फोटो सकाळीच उरकायचे. व्हाइटचॅपल स्टेशनवर २०२२ पासून बंगालीत नाव आहे, साउथॉलला गुरुमुखीत. दोन्ही बघ आणि रोमनशी त्यांचा आकार कसा जुळवला आहे ते ताड. महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, गणपतीला ये, मखरावर काम करायला हात नेहमीच कमी पडतात.

फी भरण्याआधी एक कर. डी अँड एडी ही इथली डिझाइन-जाहिरातीची संस्था दरवर्षी विद्यार्थी आणि नवोदितांसाठी ‘न्यू ब्लड’ स्पर्धेचे ब्रीफ, म्हणजे करायच्या कामाचे तपशील, काढते, ते ऑनलाइन वाचता येतात. त्यातला एक उचल आणि डोंबिवली लोकलमध्ये, ऑफिस सांभाळून, पूर्ण करून बघ. झाला की कच्च्या कागदांसकट मला पाठव. मग कोणत्या कोर्सला अर्ज करायचा ते नावानिशी बोलू.