पाच विहिरींवरून तालुका ठरत नाही

पदव्युत्तर प्रवेशांचे दिवस आले, की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या मुलामुलींच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं: "भूगोल घेतलाय मॅडम, पण पुढे काय?" एम.ए.च्या पहिल्या वर्षाचा मुलगा ते बोलतो, जिओइन्फॉर्मॅटिक्स, म्हणजे संगणकावर नकाशे आणि भौगोलिक माहिती हाताळायचं शास्त्र, शिकणारी मुलगी बोलते आणि पीएच.डी.त अडकलेला तासिका तत्त्वावरचा प्राध्यापकही बोलतो. पुण्यात याला आणखी एक पदर आहे. राज्यसेवेच्या अभ्यासक्रमात भूगोल बराच येतो, म्हणून अनेक जण तो विषय घेतात. परीक्षेत यश आलं नाही, की हातात उरलेला विषय त्यांना उरलासुरला वाटू लागतो. विषयाचा यात काहीच दोष नसतो.

या सगळ्यांसाठी एक अनुभव लिहिते आहे. जिचा आहे तिची परवानगी घेतली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि अनेक भेटींतलं बोलणं थोडक्यात आणलं आहे.

ती अठ्ठावीस वर्षांची, सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली. एम.ए. उत्तम गुणांनी झालेलं, पीएच.डी.चं तिसरं वर्ष, सोबत एका महाविद्यालयात तासिका. विषय तिनं स्वतः निवडला होता: शेजारशेजारच्या दोन ओढ्यांच्या पाणलोटात विहिरींची पातळी इतकी वेगळी का राहते. सातारा हा जिल्हाच असा, की एका टोकाला महाबळेश्वरला ५,५०० मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि दुसऱ्या टोकाला तिच्या माणात ५०० च्या आसपास. पाण्याचा प्रश्न पडायला तिला पुस्तक उघडावं लागलं नव्हतं.

पण आली तेव्हा तिची झोप उडालेली होती. प्रबंधाची फाइल कित्येक महिने उघडलेली नव्हती. गाईडचा फोन आला की ती तो वाजू द्यायची. नेटमध्ये, म्हणजे प्राध्यापकपदासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत, थोडक्यात हुकलं होतं, तेही एकदाच नाही.

"माझ्या बरोबरचे सगळे पुढे गेले," ती म्हणाली. "भूगोल घेतला तिथंच चुकलं माझं. आता वयही गेलं. कायमची नोकरी काही लागत नाही, म्हणजे इतकी वर्षं फुकटच गेली ना?"

मी तिला धीर दिला नाही. "होईल गं सगळं नीट" हे तिनं घरी-दारी पुष्कळ ऐकलेलं होतं आणि त्याचा परिणाम शून्य होता. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीवर माझी भिस्त आहे. समोरच्या माणसाला बरं वाटावं म्हणून बोलण्यापेक्षा त्याला नीट विचार करता यावा म्हणून प्रश्न विचारावेत, असं मला या पद्धतीनं शिकवलं.

मी म्हटलं, "तुझ्या बोलण्यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. या शिक्षणावर माझं पोट भरेल का, हा एक. आणि कायमची नोकरी नाही लागली तर मी फुकट गेले का, हा दुसरा. रात्री मोबाइलवर काय बघतेस?"

"जाहिराती. कुठं जागा निघाल्यात ते."

"त्या बघून झोप लागते?"

"नाही. उलट..."

"कारण जाहिरातीत पहिल्याचं उत्तर मिळतं, आणि तू शोधतेस दुसऱ्याचं."

भूगोलाचीच नाही, कुठल्याही शाखेतली संशोधक मुलं इथं अडकतात, असं माझं निरीक्षण आहे. माहिती गोळा करण्याची सवय असल्यामुळे स्वतःच्या किमतीचा प्रश्नही ती माहिती गोळा करून सोडवायला जातात. जागा किती, अर्ज किती, कोणाची निवड झाली. आकडे वाढत जातात, मन हलत नाही.

पुढच्या भेटीत मी तिला तिच्या कामाबद्दल बोलतं केलं. मला त्या विषयातलं फारसं कळत नाही, म्हणून तिला सोपं करून सांगावं लागलं. आपल्याकडच्या बेसॉल्टमध्ये पाणी वाळूत साठतं तसं सगळीकडे सारखं साठत नाही. खडक जिथं कुजून भुसभुशीत झालाय तिथं आणि त्याच्या भेगांत ते राहतं. म्हणून एका बांधावर विहीर भरलेली आणि शंभर पावलांवर नुसता काळा पाषाण, असं होतं. बोलता बोलता तिनं एक गोष्ट सहज सांगितली. निरीक्षणासाठी विहिरी निवडल्या तेव्हा स्कूटर जाईल अशाच तिनं घेतल्या होत्या. गाईडनी नकाशावर बोट ठेवून सगळी यादी परत केली. रस्ता ओढ्याच्या काठानं जातो. रस्त्याकडेच्या विहिरी सखल भागातल्या, त्यांना पाणी असणारच. वरच्या माळावरची एकही विहीर यादीत नव्हती. "सगळा तालुका पाणीदार दिसला असता मॅडम," ती म्हणाली, "सहा महिन्यांचं काम वाया गेलं असतं."

मी ते टिपून ठेवलं. तेव्हाच काही बोलले नाही. समुपदेशनात योग्य प्रश्न सापडणं हे अर्धं काम, तो योग्य वेळेपर्यंत राखून ठेवणं हे उरलेलं अर्धं.

ती वेळ लवकरच आली. "सगळे पुढे गेले" हे वाक्य पुन्हा आलं. मी विचारलं, "सगळे म्हणजे कोण?"

तिनं बोटांवर मोजायला सुरुवात केली. एक मित्र उपजिल्हाधिकारी झाला. एक हैदराबादला नकाशांच्या कंपनीत. एक मैत्रीण संशोधनासाठी जर्मनीत. एक जण कोकणात कायम झाला. आणखी एकीचं स्वतःचं घर झालं.

"हे तुला कुठून कळलं?"

"स्टेटसवर बघते ना."

"मग एक सांग," मी म्हटलं. "या पाचही विहिरी रस्त्याकडेच्याच आहेत का?"

ती बोलायची थांबली. मला वाटलं होतं ती हसेल. ती हसली नाही. तिनं पिशवीतून वही काढली आणि पाठकोऱ्या पानावर वर्गातल्या मुलामुलींची नावं लिहायला लागली. बऱ्याच नावांपुढं तिला काहीच लिहिता येईना. मान वर न करता ती म्हणाली, "माळावरच्या विहिरी मी घेतल्याच नाहीत."

तो तास मी विसरलेले नाही. तिला मी काहीही पटवून दिलं नव्हतं. जे शास्त्र घेतल्याचा तिला पश्चात्ताप होत होता, त्याच शास्त्राच्या शिस्तीनं तिनं स्वतःच्या समजुतीची तपासणी केली. माणसाला त्याच्या विषयाच्या भाषेत विचार करायला लावलं, की तर्क बाहेरून लादलेला वाटत नाही. मी हे पूर्वी शिक्षकांबरोबर, परिचारिकांबरोबर करून पाहिलं होतं. इतकं नेमकं मात्र क्वचितच जमतं आणि ते जमलं याचं मला आजही समाधान आहे.

नमुना दुरुस्त करायचा म्हणून तिनं वर्गमित्रांना फोन केले. कोणी तलाठी झाला होता. कोणी गावठाणांच्या ड्रोन मोजणीच्या कामात कंत्राटावर होतं. कोणी उपग्रहाच्या प्रतिमांवरून रस्ते-इमारती आखून देण्याचं काम करत होतं, कोणी वडिलांचं दुकान बघत होतं, आणि तिच्यासारखे तासिकांवर धावणारे तर बरेच. काही जण खरोखरच तिच्यापेक्षा पुढे होते आणि सुखातही होते. ते नाकारायचं काही कारण नव्हतं. "सगळे" हा शब्द तेवढा गळून पडला.

दुसरा प्रश्न तरीही शिल्लक होता. पुष्कळ समुपदेशक इथं थांबतात असं मला दिसतं: परिस्थिती तितकी वाईट नाही हे दाखवलं, झालं. पण परिस्थिती वाईट होऊही शकते. अनुदानित महाविद्यालयांतली भरती वर्षानुवर्षं रखडते, हे तिला माझ्याहून जास्त माहीत होतं. म्हणून मी विचारलं, "समजा, कायमची नोकरी कधीच लागली नाही. मग?"

"असं बोलू नका ना मॅडम."

"तू रोज रात्री एकटी बोलतेस. आज इथं बोलू."

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "वाईट वाटेल. खूप वाईट वाटेल."

"वाटू दे. आणि?"

"आणि... काम करीनच काहीतरी. नकाशे करता येतात मला. पाण्याचं कळतं. गावात बसून तर राहणार नाही."

"यात तू फुकट गेलीस असं कुठं आलं?"

हे एका भेटीत झालं नाही. नोकरीची तीव्र इच्छा ठेवायची, तिच्यासाठी झटायचं, पण आपली किंमत तिच्यावर गहाण टाकायची नाही, हे कळायला सोपं आणि अंगवळणी पडायला अवघड असतं. ती आठवड्याला एकदा, जाहिराती बघायची हुक्की आली की काय वाटलं आणि मनात कोणतं वाक्य आलं ते लिहून आणायची. फाइल तिनं पुन्हा उघडली ती याच काळात. आधी फक्त विहिरींचे तक्ते, मग एक प्रकरण.

मधे एकदा तिचे वडील आले. "पोरगी हुशार हाय मॅडम, त्येच्यात वाद न्हाई. पर भूगोल भूगोल म्हनून किती वर्सं काढायची? लगनाचं इचारत्यात लोकं."

"तात्या, लोकांचं राहू द्या. तुम्हाला स्वतःला कशाची भीती वाटते?"

ते जरा थांबून म्हणाले, "चाळिशीला बी अशीच तासावर पळत असंल तर? आमी काय कायम हाय का?"

बापाची भीती रास्त होती. मी तसं त्यांना सांगितलं. मुलीकडे वळून विचारलं, "प्रबंध कधी देणार, हे तू तात्यांना कधी सांगितलंस?" तिनं कधीच सांगितलं नव्हतं, कारण ते तिनं स्वतःलाही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी तिनं महिना आणि वर्ष सांगितलं. तात्यांनी ते खिशातल्या छोट्या वहीत लिहून घेतलं. लग्नाचा विषय निघाला तरी तो प्रबंधाच्या आड येता कामा नये, एवढं तिघांत ठरलं.

आता जे मी तिला आणि तिच्यासारख्या अनेकांना सांगते, ते सांगते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर माहितीत असतं, तर ती माहिती अर्धवट नको.

"वय गेलं" हे मी सर्वांत जास्त ऐकते. सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठी नेटला वयाची अट नाही. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीसाठी, म्हणजे जेआरएफसाठी, ती ३० वर्षांची आहे आणि स्त्रियांना तीत ५ वर्षांची सवलत आहे. अठ्ठावीस वर्षांच्या मुलीला वय गेलं असं कोणी सांगितलं, कोण जाणे. जेआरएफ २०२३ च्या जानेवारीपासून महिना ३७,००० रुपये आहे, पुढच्या टप्प्यात ४२,०००. ती नाही मिळाली तर आपल्याकडे बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या संशोधन अधिछात्रवृत्त्या आहेत. आपण कुठल्या अटीत बसतो हे नोंदणी होताच तपासावं.

पीएच.डी. झाली की नेटची किंवा राज्य पातळीवरच्या सेट-स्लेटची गरज नाही, या भरवशावर राहू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या जुलै २०२३ पासूनच्या नियमांत नेट, सेट किंवा स्लेट ही सहायक प्राध्यापकपदाची किमान पात्रता आहे आणि पीएच.डी. ऐच्छिक. म्हणजे शिकवायचं असेल तर आधी ही परीक्षा, आणि संशोधन मनापासून करायचं असेल तर पीएच.डी. नोकरी लागेपर्यंत काहीतरी करत राहायचं म्हणून घेतलेल्या पीएच.डी.ची सर्वांत दुःखी माणसं माझ्याकडे येतात. तुम्हाला प्रश्न पडला आहे की पदवी हवी आहे, हे नोंदणीआधी स्वतःला विचारा. २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान ३ आणि कमाल ६ वर्षं मिळतात. स्त्रियांना आणखी २ वर्षांची सवलत मिळू शकते, शिवाय बाळंतपण व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. लग्न ठरवताना सासरच्यांसमोर हे नियम मांडायला संकोच करू नका.

विद्यापीठाबाहेरचं जगही बघावं. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारनं नकाशे आणि भूस्थानिक माहिती तयार करण्यावरची बरीच बंधनं उठवली, २०२२ मध्ये राष्ट्रीय धोरणही आलं. त्याच वर्षीपासून गेट या अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेत जिओमॅटिक्सची, म्हणजे भूमापन आणि नकाशाशास्त्राची, स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे. नकाशे करायचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. लँडसॅट आणि सेंटिनल या उपग्रहांच्या प्रतिमाही मोफत. देहरादूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था ऑनलाइन अभ्यासक्रम विनाशुल्क घेते. संगणकाची भीती वाटते म्हणून हे टाळणाऱ्यांची गय मी करत नाही.

पण नुसती बटणं शिकू नका, हेही तितक्याच आग्रहानं सांगते. माळीण २०१४ मध्ये दरडीखाली गाडली गेली, तळीये २०२१ मध्ये, इर्शाळवाडी २०२३ मध्ये. डोंगराचा उतार, माती, पाऊस आणि वस्ती एकत्र वाचता येणारी माणसं या राज्याला हवी आहेत. पडद्यावरचा रंग बघून तिथं पाणी आहे म्हणणारे पुष्कळ आहेत. माळावर जाऊन विहिरीत दोरी सोडलेली माणसं थोडी.

तिचं सांगायचं तर ती सेट उत्तीर्ण झाली, नेट अजून नाही. कायमची नोकरीही नाही. पाणलोटाचं काम करणाऱ्या एका संस्थेसाठी ती गावांचे नकाशे करून देते आणि त्याचे ठरलेले पैसे महिन्याला येतात. प्रबंध तात्यांच्या वहीतल्या तारखेनंतर दोन महिन्यांनी सादर झाला. आता मौखिक परीक्षेची तयारी चालू आहे आणि गेल्या भेटीत आम्ही तेवढ्यावरच बोललो: बाहेरून येणारे परीक्षक विहिरींच्या निवडीबद्दल काय विचारतील आणि ती काय सांगेल.