अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला बायबलवर हात ठेवूनच शपथ घ्यावी लागते का? बायबल नसेल तर ती रद्द होते का?

दोन्हींचं उत्तर नाही. यावरून आमच्या घरात दोन माणसांचं बोलणं बंद व्हायची वेळ आली होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

२० जानेवारी २००९. सासरे, म्हणजे आमचे अण्णा, सांगलीहून व्हर्जिनियाला आमच्याकडे आले होते. जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेला माणूस. ओबामांचा शपथविधी बघायचाच म्हणाले. पहाटेच्या मेट्रोने आम्ही नॅशनल मॉलवर पोचलो. दुपारीही पारा शून्याखालीच होता. अण्णांनी स्वेटरवर स्वेटर, वर माझी शाल आणि कानटोपी चढवली होती. पण 'घरी जाऊ' हा शब्द एकदाही काढला नाही. लिंकननी १८६१ मध्ये वापरलेलं बायबल मिशेल ओबामांच्या हातात पडद्यावर दिसलं आणि माझे मोठे दीर म्हणाले, "बघा, घटनेतच लिहिलंय, बायबल लागतंच." अण्णा शांतपणे म्हणाले, "कुठल्या कलमात?" भाऊजींना राग आला. परतीच्या वाटेवर सगळे गप्प.

शपथ देताना सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांच्याकडून 'निष्ठापूर्वक' या शब्दाची जागा चुकली होती. त्यामुळे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी व्हाइट हाउसच्या मॅप रूममध्ये ती पुन्हा घेतली गेली, तीही बायबलशिवाय! अण्णांनी ती बातमी कापून डायरीत ठेवली. भाऊजींचं म्हणणं, "ती नुसती खबरदारी होती." अहो, पण खबरदारी म्हणून घेतलेल्या शपथेतच बायबल नव्हतं ना?

घटनेच्या दुसऱ्या अनुच्छेदात शपथेचे मूळ इंग्रजी ३५ शब्द दिलेत. त्यात बायबल नाही, 'देव मला साहाय्य करो' हेही नाही. उलट 'शपथ घेतो' किंवा 'दृढकथन करतो' (म्हणजे शपथ न घेता गांभीर्याने वचन देतो), अशी मुभा आहे. १८५३ मध्ये फ्रँकलिन पिअर्सनी दृढकथनच केलं, १८२५ मध्ये जॉन क्विन्सी ॲडम्सनी कायद्याच्या ग्रंथावर हात ठेवला, केनेडींच्या हत्येनंतर जॉन्सन यांनी विमानात कॅथलिक प्रार्थनापुस्तकावर. २०२५ मध्ये ट्रम्प यांच्या शेजारी बायबल होतं, पण त्यांनी त्यावर हात ठेवला नाही. कोणाचंही पद गेलं नाही.

आणि पदाचा काळ २० जानेवारीच्या दुपारी बारालाच सुरू होतो, विसाव्या घटनादुरुस्तीने तसं ठरवलंय. मात्र अधिकार वापरण्याआधी शपथ हवीच, हेही खरं. आणि बहुतेक अध्यक्ष बायबल घेतात, वॉशिंग्टननी १७८९ मध्ये घेतलं होतं, ती प्रथा मला आवडतेसुद्धा. पण प्रथा म्हणजे कलम नव्हे.

तेव्हा कोणी ठासून सांगितलं तर आधी कलम विचारा. भाऊजी, तुम्ही हे वाचत असाल तर अण्णांची डायरी माझ्याकडेच आहे, कात्रणासकट. दिवाळीला याल तेव्हा काढून ठेवते.